थोडी साखर, थोडं प्रेशर

हेरिंग टिकल, न्यूफाउंडलंड
११ जानेवारी २००४

चि. रोव्हीनास,
ड्रूसी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू नाताळ उरकून अल्बर्टाला परत गेलीस आणि इथे जो वारा सुटला तो आज थांबला. फोन सोडून पत्र का, म्हणशील. माझ्या फोनशेजारी एक खुर्ची आहे आणि त्या खुर्चीत रोज संध्याकाळी तुझा बाप येऊन बसतो. त्याच्याबद्दल त्याच्याच तोंडावर बोलायचं, आणि तेही तुझ्याशी, हे मला जमायचं नाही. शिवाय पत्रात मला कुणी मध्येच तोडू शकत नाही. हे सुख या घराण्यात दुर्मीळ आहे.

तर तुझ्या बापाचं, आमच्या हेडलीचं. तब्येतीची काळजी नको, पण माणूस दुःखात आहे. तुझ्या आईला, एफीला, जाऊन चार महिने होत आले तरी वरच्या खोलीत झोपायला जात नाही. स्वयंपाकघरातल्या दिवाणावर पाठीशी उश्यांचा ढीग लावतो आणि बसल्याबसल्या डुलक्या काढतो. मी सकाळी चुलीत लाकडं घालायला जाते तेव्हा तसाच बसलेला असतो, आणि वरचा पलंग बघावा तर चादरीला सुरकुती नाही. समोरच्या निळ्या घरातली फ्लॉसी म्हणते, ज्या पलंगावर जन्म गेला तिथे एकट्यानं आडवं व्हायचं तर काळीज दगडाचंच लागेल. नवरा गेल्यापासून तिला दुसऱ्यांच्या दुःखाची फार जाण आली आहे.

चर्चच्या चढावरही तो मध्येच थांबतो आणि खाली टिकलच्या चिंचोळ्या खाडीकडे बघत उभा राहतो. झपाझप चढणारा माणूस तो! एकदा एफी आठवत असेल, एकदा मासेमारी. सरकारनं कॉड धरायला बंदी घातली तेव्हापासून बारा वर्षं या माणसांना हात चालवायला काम नाही, नुसती पोटं वाढली. तो थांबला की मागून येणारेही थांबतात, टोप्या काढतात. गेल्या रविवारी पाद्रीबाईंनी नाव न घेता प्रवचनात सांगितलं, की प्रेम म्हणजे काय हे बघायचं असेल तर आपल्या चढावर बघा. माझे डोळे भरून आले. तो मान खाली घालून बुटांकडे बघत होता.

बुटांवरून आठवलं. गमबूट पायांत जाईनात म्हणून त्यानं ते वरून सुरीनं चिरले. हल्ली कारखानेवाले माणसाचे पाय न बघताच बूट काढतात.

जेवणाचं तर विचारूच नकोस. दुखवट्याच्या घरी ताट पाठवायची आपली रीत कुणी सोडलेली नाही. खारं बीफ, कोबी, सलगम, वाटाण्याचा गोळा, सगळं फडक्यात बांधून दारात हजर. रविवारी तर एवढी ताटं येतात की दोन दिवस पुरावीत. तो एक घासही टाकत नाही. म्हणतो, लोकांनी मायेनं दिलेलं टाकलं तर देवाला काय तोंड दाखवू. खरंच, आपल्या गावाचे उपकार आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचे नाहीत.

माया आहे तेवढी राहू दे, आणि तिकडच्या थंडीत डोकं झाकत जा.

तुझी,
ड्रूसी आत्या


फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
२५ जानेवारी

ती. ड्रूसी आत्यास,
रोव्हीनाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र कामावर जाताना गाडीतच उघडलं, ही चूक झाली. त्या दिवशी वायरलेसवरून खाणीतल्या ट्रकवाल्यांना मी कुठे कुठे पाठवलं असेल देव जाणे. एकानं विचारलंसुद्धा, की बाई, आज तुम्ही रडताय की इंजिन रडतंय.

आत्या, तू आहेस म्हणून मी इथे श्वास घेऊ शकते. हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे, बिल वाढतंय. म्हणून लिहून ठेवते.

पण मला एक सांग, बाबांच्या गोळ्यांचं काय? मागच्या वर्षी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा साखर थोडी वर, प्रेशर थोडं वर, रक्तातली चरबी थोडी वर असं काहीबाही निघालं होतं. आई चहाबरोबर उकडलेलं अंडं ठेवायच्या इवल्या पेल्यात गोळ्या काढून ठेवायची आणि घेतल्याशिवाय बिस्किट द्यायची नाही. आता पेला कोण भरतं? नाताळात मला बाबांचा चेहरा सुजल्यासारखा वाटला. विचारलं तर म्हणाले, तुझी आत्या भरवते.

दुःखानं माणूस वाळतो, आत्या. बाबांचं पोट मात्र पट्ट्याबाहेर आलंय. माझ्या मनात येतं की त्यांना सरळ इकडे घेऊन यावं. माझ्याकडे खोली आहे. टिकल सोडायचं म्हटलं तर ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी तुला विचारते.

रागावलीस तर पत्रातून रागाव, पण पत्र पाठव.

तुझी,
रोव्हीना


हेरिंग टिकल
८ फेब्रुवारी

चि. रोव्हीनास,
आशीर्वाद, थोडे नाराजीचे.

तुझ्या बापाला मी गोळ्यांचं विचारलं. त्याचं म्हणणं, प्रेशर वर गेल्यासारखं वाटतं तेव्हा तो घेतो. मी विचारलं, ते कसं वाटतं. तर म्हणाला, मला कधी वाटलंच नाही. साखर थोडी, प्रेशर थोडं, चरबी थोडी, पोट थोडं. थोड्याला कुणी औषध घेतं का, असा त्याचा उलटा सवाल. या टिकलमध्ये ज्याला यातलं काहीच थोडं नाही असा माणूस दाखव, मी त्याला माझी होडी देतो, असंही म्हणाला. मी सगळी घरं डोळ्यांसमोर आणून बघितली. होडी वाचली त्याची.

चेहरा सुजलाय म्हणतेस. अगं, भरलाय! एका बैठकीला पूर्वीच्या निम्मं जेवतो, लगेच पोट गच्च होतं म्हणतो, तरी अंगाला लागतंय. त्याचं श्रेय मी घेणार. खारं बीफ शिजवलेल्या पातेल्यातलं पाणी मी ओतून देत नाही, कपभर गरम गरम त्याला पाजते. आपल्या आजीनं त्याच पाण्यावर बाळंतिणी उभ्या केल्या. थकव्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

खोकला तेवढा आहे. पाठ टेकली की येतो. तो चुलीच्या धुरानं असणार.

आणि अल्बर्टाचं नाव मी त्याच्यापुढे काढलं. तो उठून बाहेर लाकडं फोडायला गेला. दोन घाव घातले आणि ओंडक्यावर बसून राहिला. मी खिडकीतून बघत होते. रोव्हीना, इथून उपटलंस तर तो तिथे रुजायचा नाही. एफीची माती इथे आहे. एवढं माझं ऐक.

पुढच्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी उपासाचे दिवस लागायच्या आधीचं पॅनकेकचं जेवण आहे चर्चच्या हॉलमध्ये. सगळ्यांनी मिळून त्याला गळ घातली आहे की अकॉर्डियन आणायचंच. एफी गेल्यापासून त्यानं पेटी उघडलेली नाही. वाजवलं तर मन मोकळं होईल.

लोभ कमी करू नकोस, मी भांडते ती लोभानंच.

तुझी,
ड्रूसी आत्या


गँडर, इस्पितळ
२८ फेब्रुवारी

चि. रोव्हीनास,
खूप खूप आशीर्वाद.

फोनवर आपण दोघीही रडलो, त्यामुळे कुणाला काहीच कळलं नाही. आता तो झोपलाय, धोका टळलाय, आणि मी सगळं क्रमानं लिहिते.

मंगळवारी हॉल भरलेला होता. पॅनकेकमध्ये घातलेली अंगठी तुझ्या बापाच्या वाट्याला आली. ज्याला अंगठी त्याचं वर्षात लग्न! सगळे फ्लॉसीकडे बघून हसायला लागले आणि ती लाल होऊन कॉफी आणायला पळाली. तोही हसला. मग त्यानं पेटी उघडली, अकॉर्डियन मांडीवर घेतलं. एक चाल निम्मी वाजवली असेल नसेल, भाता लांबवता लांबवता हात थांबले. ओठ निळे. तोंडाशी फेस. माणूस पाण्याबाहेर बुडत होता, रोव्हीना. सगळ्यांच्या देखत.

बाहेर बर्फ रस्त्यावर कमरेएवढं. बर्फ काढणारा बर्टन जेवण तसंच टाकून उठला आणि अॅम्ब्युलन्सच्या पुढे पुढे आपलं यंत्र चालवत थेट गँडरच्या हमरस्त्यापर्यंत आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याचे हात धरले तर म्हणाला, आत्या, पॅनकेक गार झाले, त्याचं काय ते बघा.

इथे एक तरुण डॉक्टरबाई आहेत. त्यांनी सुई दिली आणि तुझ्या बापाच्या अंगातून लघवीवाटे इतकं पाणी निघालं की पिशव्या बदलणारी नर्स दमली. बाईंनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. बुटांचा कारखाना निर्दोष सुटला.

मग विचारलं, किती उश्या घेऊन झोपता. तो म्हणाला, असतील तेवढ्या. आडवं झालं तर काय होतं, विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाला, गुदमरतं. कधीपासून? तर म्हणाला, गेल्या उन्हाळ्यापासून.

उन्हाळ्यात एफी जिवंत होती, रोव्हीना. तिच्या आजारपणात हा तिच्या उशाशी खुर्चीत बसून असायचा आणि आम्ही म्हणायचो, नवरा असावा तर असा. चढावर थांबायचा तोही दम खायला. अख्ख्या गावानं त्याच्या धापेला शोक समजून टोप्या काढल्या.

हृदयाची सोनोग्राफी केली. बाई म्हणाल्या, आकुंचन उत्तम आहे, रक्त बाहेर ढकलायची ताकद चांगली. मला हायसं वाटलं. तर म्हणाल्या, ते निम्मंच काम. ढकलून झाल्यावर हृदयानं सैल व्हायला हवं, तेव्हा पुढचं रक्त आत येतं. याचं हृदय जाड आणि ताठ झालंय, सैलच पडत नाही. मग रक्त दाराशी तुंबतं आणि पाणी फुफ्फुसात, पायांत, पोटात उतरतं. खाटेवरून तुझा बाप म्हणाला, की म्हणजे गारठलेल्या अकॉर्डियनसारखं, दाबता येतं पण उघडत नाही. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बाकीच्या रोग्यांना मी असंच सांगत जाईन.

आणि हे झालं कशानं, तर त्याच्या त्या थोड्या थोड्यानं. पोटाचा घेर, साखर, प्रेशर, रक्तातली चरबी. एकेकटं बघितलं तर कुणी घाबरत नाही, पण सगळी एकत्र नांदायला लागली की वर्षानुवर्षं हृदयावर काम करत राहतात, आणि कुठेही दुखत नाही. त्यावर मीठ. मीठ पाणी धरून ठेवतं. काय खाता म्हणून विचारलं तर हा गप्प! ताटं पाठवणाऱ्यांची नावं पोलिसांना द्यायची असल्यासारखा गप्प. शेवटी मीच सांगितलं. पातेल्यातल्या पाण्याचंही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाऊ जिवंत आहे. खिडकीतून बर्फावर ऊन पडलेलं दिसतंय आणि मी देवाचे, बर्टनचे, त्या नर्सचे आभार मानतेय, ज्याचं नाव आठवेल त्याचे.

मन घट्ट ठेव.

तुझी,
ड्रूसी आत्या


फोर्ट मॅकमरी
९ मार्च

ती. ड्रूसी आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पत्र अनेकदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, मग माझा. नाताळात मीच तर बाबांना पुन्हा वाढ म्हणून तुझ्यामागे लागले होते. आता राग संपला आणि बाबा आहेत, एवढंच उरलंय. त्या डॉक्टरबाईंना माझ्यातर्फे काहीतरी दे. तुझे विणलेले मोजे दे, पण त्या पिवळ्या रंगाचे नकोत.

आता स्पष्ट लिहिते. डॉक्टरबाईंशी मी बोलले. मीठ बंद, गोळ्या रोज, वजन रोज सकाळी, चालणं रोज, आणि पोट हळूहळू उतरवायचं. यातलं एक चुकलं तर पुन्हा तेच होईल, आणि दर वेळी पुढे बर्टन असेलच असं नाही. टिकलमध्ये हे होईल? तिथे मीठ म्हणजे माया. फ्लॉसीमावशी ताट घेऊन दारात उभी राहिली की बाबा नाही म्हणतील? मला नाही वाटत.

मेच्या मध्यावर त्यांची तपासणी आहे. तोवर नीट राहिले तर ठीक. फुफ्फुसात पुन्हा पाणी निघालं तर मी येणार, घराला कुलूप लावणार आणि त्यांना घेऊन येणार. त्यांनी मला जन्मभर शाप दिले तरी चालतील. शाप द्यायला ते असतील.

तुला वाईट वाटेल, माहीत आहे. तरी माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
रोव्हीना


हेरिंग टिकल
४ एप्रिल

चि. रोव्हीनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या बापाला वाचायला दिलं. कुलुपाच्या ओळीशी तो थांबला आणि पत्र घडी करून परत दिलं. त्या दिवसापासून अंड्याच्या पेल्यातल्या गोळ्या तो स्वतः काढून घेतो.

गावाला सांगायचं काम माझ्यावर आलं. दुखवट्याचं ताट परत करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. मी बायकांच्या सभेत उठून उभी राहिले आणि सांगितलं, की बायांनो, आपण हेडलीला प्रेमानं खारवत होतो. कुणी हसेना. एकीनं विचारलं, बीफ दोन रात्री भिजत घातलं तर? दवाखान्यातली नर्स आली होती, तिनं नकारार्थी मान हलवली. फ्लॉसी म्हणाली, आमच्या हातच्यानं कुणी मेलेलं नाही अजून, आणि पर्स उचलून निघून गेली. मग कितीतरी दिवस तिनं माझ्याशी रामराम केला नाही. खिडकीचा पडदासुद्धा माझ्या बाजूनं ओढलेला.

ताटं बंद झाली आणि तुझा बाप कोमेजला. मला वाटलं, जेवणासाठी. तसं नव्हतं. कपाटात बघते तर लोकांची रिकामी ताटं रचून ठेवलेली, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर घरधनिणीचं नाव. आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, आणि एफी असती तर तिनं पाव नाहीतर मुरंबा घालून पाठवलं असतं. याला काय घालावं ते कळेना, म्हणून त्यानं साठवून ठेवली. लोकांना काय वाटत असेल या विचारानं तो महिने न् महिने कुढत होता आणि आम्हाला ते एफीचं दुःख वाटत होतं. या माणसाच्या चेहऱ्यावरून काही ओळखायचं मी सोडून दिलंय.

मग त्यानं स्वतःच तोड काढली. फ्रीझरमध्ये एफीनं आजारी पडण्याआधीच्या ऑगस्टात दलदलीत वेचलेल्या पिवळ्या बेरी होत्या. तिच्या हातच्या शेवटच्या. मी त्यांना बोट लावू देत नव्हते. त्यानं त्या बाहेर काढल्या आणि रोज एका ताटात मूठभर घालून ज्याचं त्याला चालत नेऊन द्यायला लागला. आधी शेजारी, मग वळणापलीकडे, मग चर्चच्या चढावर. दारात टोपी काढून सांगायचा, की तुमच्या अन्नानं मला हिवाळा काढता आला, आता डॉक्टर नको म्हणतात, पण ओळख ठेवा. फ्लॉसीचं ताट त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बेरी बघून तिला एफी आठवली आणि ती दारातच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी माझ्या दारी आली, बिनमिठाचा सशाचा रस्सा घेऊन. मी चव बघितली. रोव्हीना, खोटं कशाला बोलू, शिक्षा झाल्यासारखी चव होती. तुझ्या बापानं मात्र ताट पुसून खाल्लं.

आता रोज सकाळचा तमाशा ऐक. वजनकाट्यावर उभा राहतो आणि खिडकी उघडून आकडा मला ओरडून सांगतो. समोरून फ्लॉसी ओरडते, की काल एक पौंड कमी होतं, काय खाल्लंस खरं सांग! मग बर्टन आपल्या ओसरीवरून म्हणतो, की मोजे काढून पुन्हा चढा. एवढ्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून चिमूटभर मीठ खायचं म्हणजे पट्टीचा चोर हवा. एकदा दोन दिवसांत आकडा भराभर वाढला, तेव्हा फ्लॉसीनंच नर्सला फोन केला, त्याला विचारलंही नाही. गोळी वाढवली, आकडा उतरला. अल्बर्टात तुझ्या शेजाऱ्यांना तुझं वजन माहीत आहे का?

हे मी वकिली म्हणून लिहिते आहे, समजलीस ना. लोभ दोघांवरही ठेव, त्याच्यावर जास्त.

तुझी,
ड्रूसी आत्या


फोर्ट मॅकमरी
२२ एप्रिल

ती. बाबांस,
रोव्हीनाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र आत्याला नाही, तुम्हाला आहे. ती फोडून वाचेल, वाचू दे. आत्या, वकिली फक्कड जमली.

बाबा, मी इथे स्वतःचं रक्त तपासून घेतलं. कंबर जरा जास्त, साखर जरा वर, प्रेशर जरा वर. नर्स म्हणाली, अजून काही बिघडलेलं नाही, थोडंच आहे. तो शब्द ऐकून मी खुर्चीतून उठलेच. आता रोज कामावरून सुटल्यावर नदीकाठानं चालते. तुम्ही आजारी पडला नसता तर मी तपासायला गेलेच नसते. हेही तुमच्याच खात्यावर मांडते.

मेमध्ये तपासणी झाली की तुम्ही स्वतः लिहा. आईच पत्रं लिहायची, तुम्ही खाली नुसतं नाव घालायचात. या वेळी सगळं तुमच्या हातचं हवं. मी कुलूप घेऊन ठेवलं होतं. ते आणू की नको, तेही तुम्हीच लिहा.

माझं प्रेम आहे, हे मी फारसं बोलत नाही, म्हणून इथे.

तुमची,
रोव्ही


हेरिंग टिकल
१६ मे २००४

चि. रोव्हीस,
बापाचे आशीर्वाद.

पत्र लिहायचं म्हणजे काय करायचं, हे ड्रूसीला विचारलं तर ती सांगायलाच बसली. म्हणून होडीच्या शेडमध्ये येऊन लिहितोय. शब्द वेडेवाकडे असतील.

परवा गँडरला तपासणी झाली. छाती कोरडी, पाय सडपातळ, बर्टनचे जुने बूट सहज जातात. पोट पट्ट्याच्या आत यायला अजून वेळ आहे, पण वाटेला लागलंय. हृदय ताठ आहे ते आहे, डॉक्टरबाईंनी साफ सांगितलं की ते पुन्हा पोराचं होणार नाही. पण गोळ्या, मीठ आणि चालणं सांभाळलं, प्रेशर, साखर ताब्यात ठेवली तर ते मला पुष्कळ दिवस वागवेल. ड्रूसीनं त्यांना मोजे दिले. पिवळेच दिले.

तेव्हा कुलूप आणू नकोस. तू ये. जुलैत ये आणि राहा.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. ड्रूसीला सांगितली तर ती सभेत सांगेल. दम लागतोय हे मला कळत होतं. तुझी आई आजारी असताना स्वतःचं काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो. ती गेल्यावर लोक माझ्याकडे बघून म्हणायला लागले, किती हे प्रेम. पाद्रीबाई बोलल्या तेव्हा तर मान वर करवेना. कारण रोव्ही, चढावर उभा असताना मी तुझ्या आईचा विचार करत नव्हतो. पुढचा श्वास येतो की नाही, याचा करत होतो. ती गेली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मला वाटायला लागलं होतं, की माझ्यात प्रेमच नसावं, गाव उगीच फसतंय.

परवा तपासणीहून आलो त्या दिवशी दुपारी जिना चढून वर गेलो. एकच उशी घेतली आणि पलंगावर आडवा झालो, माझ्या बाजूला. छातीवर काही बसलं नाही. सरळ झोपता आलं. मग मी कुशीवर वळलो, तिच्या बाजूला, आणि मला रडू आलं. असं आलं की थांबेना. ड्रूसी खालून धावत आली, हातात फोन, अॅम्ब्युलन्सला लावलेलाच. मी तिला हातानं थांबवलं आणि म्हणालो, तसं काही नाही, एफी आहे. ती जिन्यावर बसली आणि तीही रडली. मग आम्ही चहा घेतला.

तुम्ही सगळ्यांनी मला वाचवलंत. तू, ड्रूसी, बर्टन, त्या बाई, फ्लॉसी आणि तिचा तो रस्सा. आभार कसे मानतात ते एफीला माहीत होतं, मला येत नाही. एवढंच सांगतो, की तुझ्या आईसाठी रडायला मला आठ महिने लागले, कारण तोवर रडायला पुरेल एवढा श्वासच नव्हता. तो तुम्ही मिळवून दिलात.

तुझा बाप,
हेडली